माल्थसच्या दोन श्रेढी

अर्थशास्त्राच्या आणि भूगोलाच्या पुस्तकांत एक वाक्य वर्षानुवर्षे छापले जाते आणि विद्यार्थीही ते उत्तरपत्रिकेत तितक्याच निष्ठेने उतरवून काढतात: लोकसंख्या भूमितीय श्रेणीने वाढते, अन्नधान्य मात्र अंकगणिती श्रेणीने वाढते. गणिताच्या पुस्तकात यांनाच 'श्रेढी' म्हणतात आणि त्या कशा ओळखायच्या याचे नियमही तेथे दिलेले असतात. पण गणिताचा तास आणि अर्थशास्त्राचा तास यांची गाठ सहसा पडत नाही. त्यामुळे श्रेढी ओळखायला शिकलेला विद्यार्थी या वाक्यापाशी थांबून "हे कशावरून?" असे विचारत नाही, आणि त्याला तसे विचारायला कोणी सांगतही नाही.

हे वाक्य थॉमस रॉबर्ट माल्थस या इंग्रज पाद्र्याच्या, लोकसंख्येवरील निबंधाचे सार आहे. निबंध १७९८ साली निनावी प्रसिद्ध झाला. लेखक तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. त्यावर अर्थशास्त्रज्ञांनी, समाजशास्त्रज्ञांनी आणि राजकारण्यांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यांच्या वादात पडण्याचा माझा विचार नाही. निबंधाचा आरंभीचा, श्रेढींचा भाग गणिताच्या शिक्षकाने तपासायला घेतला तर त्याला किती गुण मिळतील, एवढेच येथे पाहायचे आहे.

माल्थसची मांडणी अशी. नव्याने वसलेल्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लोकसंख्या पंचवीस वर्षांत दुप्पट होताना दिसली होती. म्हणून अडथळा नसेल तर लोकसंख्या दर पंचवीस वर्षांनी १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६ अशी वाढेल. अन्न मात्र फार तर १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९ असे वाढेल. म्हणजे दोनशे वर्षांत लोकसंख्या आणि अन्न यांचे प्रमाण २५६ ला ९ असे होईल आणि तीनशे वर्षांत ४०९६ ला १३. ब्रिटनची लोकसंख्या त्याने सत्तर लाख धरली आणि हिशेब केला की शंभर वर्षांनी माणसे ११ कोटी २० लाख होतील, अन्न साडेतीन कोटींना पुरेल आणि ७ कोटी ७० लाख लोक उपाशी राहतील. ब्रिटनमधली पहिली जनगणना १८०१ साली झाली, तेव्हा हा सत्तर लाखांचा आकडाही अंदाजाचाच होता. प्रत्यक्षात त्या गणनेत एक कोटीहून अधिक माणसे भरली.

आकड्यांच्या या दोन रांगा एकाखाली एक लिहिल्या की त्यांचा असा काही प्रभाव पडतो की पुढचे काही वाचावेसेच वाटत नाही. एका रांगेत २५६ आणि दुसरीत ९! माल्थस १८०५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी येथील कॉलेजात प्राध्यापक होता. हिंदुस्थानात कारभार करायला येणारे तरुण अधिकारी त्याच्याकडे शिकून येत. तेव्हा या दोन रांगांचा आपल्याशी संबंध केवळ परीक्षेपुरता नाही.

आता ओळखण्याच्या नियमांकडे वळू. लगतच्या पदांतील फरक सारखा असेल तर अंकगणिती, लगतच्या पदांचे गुणोत्तर सारखे असेल तर भूमितीय. नियम बरोबरच आहे. पण तो लागू करण्यासाठी सगळी पदे हाती असावी लागतात आणि व्यवहारात ती कधीच नसतात. हाती दोन-चार पदे असतात. २, ४ एवढेच दिले तर पुढचे पद ६ की ८? दोन्ही बरोबर. ५, ५, ५, ५ ही श्रेढी कोणती? फरक शून्य म्हणून अंकगणिती, गुणोत्तर एक म्हणून भूमितीय. (शून्येतर पदांची स्थिर श्रेढी सोडली तर दुसरी कोणतीही श्रेढी एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही. वर्गातल्या हुशार मुलांना याची सिद्धता करायला सांगावी. तीन पदे घेऊन तीन ओळींत होते.)

सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज मुलांना याच्या पुष्कळ आधी शिकवलेले असते. हजार रुपये दहा टक्क्यांनी ठेवले तर सरळव्याजाने ११००, १२००, १३००. चक्रवाढीने ११००, १२१०, १३३१. पहिल्या वर्षअखेरीचा आकडा दोन्हीकडे एकच. पासबुकात तेवढाच आकडा पाहून व्याज कोणते हे कोणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी करार वाचावा लागेल. करारात काय पाहायचे? नवी भर मूळ रकमेवरून ठरते, की आज हाती असलेल्या रकमेवरून? श्रेढी ओळखण्याचा खरा प्रश्न हाच आहे. भर नेहमी तेवढीच असेल तर अंकगणिती. असलेल्याच्या प्रमाणात भर पडत असेल तर भूमितीय. फरक आणि गुणोत्तर ही त्याची लक्षणे झाली. ताप मोजून रोगाचा सुगावा लागतो, पण तापमापक म्हणजे निदान नव्हे.

लक्षणांवर विसंबले तर काय होते हे दाखवणारा एक प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. वर्तुळावर काही बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येक बिंदूला सरळ रेषेने जोडा. आतल्या भागाचे किती तुकडे झाले ते मोजा. एक बिंदू असेल तर १ तुकडा, दोन असतील तर २, तीन असतील तर ४, चार असतील तर ८, पाच असतील तर १६. आता सहा बिंदूंचे उत्तर आधी लिहून घ्या आणि मग मोजायला सांगा. सगळा वर्ग ३२ लिहील. मोजल्यावर ३१ भरतील. मुले चिडतात, पुन्हा मोजतात, एकमेकांच्या आकृत्या तपासतात. (बिंदू अगदी समान अंतरावर घेऊ नयेत. तसे घेतले तर मधल्या तीन रेषा एकाच ठिकाणी छेदतात आणि तुकडे ३०च होतात.) कारण शोधायला गेले की उलगडा होतो. प्रत्येक रेषेमुळे एक तुकडा वाढतो, आतल्या प्रत्येक छेदनबिंदूमुळे आणखी एक वाढतो, आणि सुरुवातीचा एक असतोच. सहा बिंदूंना १५ रेषा आणि १५ छेदनबिंदू, म्हणून १५ + १५ + १ = ३१. येथे दुप्पट होण्यासारखे काही नव्हतेच. पहिल्या पाच पदांनी दिलेला तो निव्वळ भास होता.

आमच्या प्राचीन गणितग्रंथांत हा घोळ नाही याचे मला कौतुक वाटते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) श्रेढीव्यवहाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. आदि, चय आणि गच्छ, म्हणजे पहिले पद, दरवेळची भर आणि पदांची संख्या. ही सांगितली की मग गणित सुरू होते. त्यात एका दात्याचे उदाहरण आहे. पहिल्या दिवशी दोन कवड्या आणि पुढे रोज दुप्पट असे एक महिनाभर दान करण्याचे त्याने कबूल केले, तर एकूण किती? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. त्या काळच्या नाण्यांत १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. येथे 'रोज दुप्पट' हे शब्द उदाहरणातच आहेत. दोन-तीन पदे देऊन 'पुढील पद ओळखा' असे भास्कराचार्य विचारत नाहीत. हल्लीच्या स्पर्धापरीक्षांतले असे प्रश्न म्हणजे परीक्षकाच्या मनातले ओळखण्याचा खेळ झाला आहे. असो.

हा निकष माल्थसच्या पहिल्या रांगेला लावला तर ती उत्तीर्ण होते. माणसांपासून माणसे होतात. जितकी माणसे अधिक तितके जन्म अधिक. भर असलेल्याच्या प्रमाणात पडते, म्हणून अडथळा नसताना वाढ भूमितीय, हे त्याचे म्हणणे तर्काला धरून आहे आणि त्याच्या आधारासाठी त्याने एका देशाचा अनुभवही दिला आहे. प्रयोगशाळेत काचपात्रात ई. कोलाय जिवाणू वाढवताना आम्हांला हेच दिसते. भरपूर अन्न आणि शरीराइतकी ऊब मिळाली की वीस मिनिटांत दुप्पट, चाळीस मिनिटांत चौपट. अर्थात हे काही तासच चालते. दोन दिवस अखंड चालले तर जिवाणूंचे वजन पृथ्वीच्या वजनालाही मागे टाकील.

दुसऱ्या रांगेचे काय? येथे मात्र शिक्षकाने लाल शाई घ्यावी. अन्नात दर पंचवीस वर्षांनी तेवढीच भर का पडावी याचे कोणतेही कारण माल्थस देत नाही. त्याचे म्हणणे एवढेच की पहिल्या पंचवीस वर्षांत उत्पादन दुप्पट होईल असे समजू. पुढच्या पंचवीस वर्षांत ते चौपट होईल हे संभवत नाही. तेव्हा फार तर पहिल्याइतकीच भर पुन्हा पडेल असे धरू. हे औदार्यच आहे, प्रत्यक्षात तेवढेही होणार नाही, असेही तो बजावतो. म्हणजे १, २, ३, ४ ही मोजणी नाही आणि कोणत्या प्रक्रियेतून आलेला निष्कर्षही नाही. ते एक गृहीतक आहे. पहिल्या पायरीवर दोन्ही रांगा सारख्याच आहेत, १ आणि २, हेही लक्षात घ्यावे. व्याजाच्या उदाहरणाप्रमाणेच त्या पुढे वेगळ्या होतात, आणि का वेगळ्या होतात हे सांगणारा करार येथे एकाच रांगेला आहे.

गंमत अशी की अन्नही सजीवच आहे. ज्वारीच्या एका दाण्यातून आलेल्या कणसात शेकड्यांनी दाणे असतात. ते सगळे पेरले तर पुढच्या हंगामाचा आकडा शेकड्यांच्या वर्गात जातो. शेळ्या, कोंबड्या, मासे सगळेच आपल्या संख्येच्या प्रमाणात वाढतात, आणि माणसापेक्षा पुष्कळ वेगाने वाढतात. 'अडथळा नसेल तर' ही सवलत दोघांनाही दिली तर धान्याची श्रेढी माणसाच्या श्रेढीला कोठल्या कोठे मागे टाकील. मग धान्य तसे का वाढत नाही? कारण रान मर्यादित, पाणी मर्यादित, खत मर्यादित. म्हणजेच अडथळे आहेत म्हणून.

माल्थसवरचा माझा मुख्य आक्षेप येथे आहे. त्याने पहिली रांग अडथळे काढून लिहिली आणि दुसरी अडथळे ठेवून लिहिली. दोन वेगळ्या अटींखालच्या राशी शेजारी मांडून त्यांचे प्रमाण काढले आणि त्या प्रमाणाला निसर्गनियमाचे रूप दिले. आमच्याकडे एखाद्या विद्यार्थ्याने एक काचपात्र उबेत आणि दुसरे बर्फात ठेवून दोन जिवाणूंची तुलना केली, तर त्याचा प्रबंध परत जाईल. २५६ ला ९ या आकड्यात जी भीती आहे ती श्रेढींच्या फरकातून आलेली दिसते, पण खरे तर ती अटींच्या फरकातून आली आहे.

ही त्रुटी ज्याने न बोलता दुरुस्त केली तो चार्ल्स डार्विन. त्याने १८३८ साली माल्थस वाचला आणि त्यातून त्याला नैसर्गिक निवडीची दिशा मिळाली, हे सर्वांना माहीत आहे. १८५९ च्या ग्रंथात मात्र त्याने माल्थसचा सिद्धान्त साऱ्या प्राण्यांना आणि वनस्पतींनाही लावला. म्हणजे दुसरी रांगही भूमितीयच ठरली आणि अडथळे सर्वांनाच आले. त्याच १८३८ साली बेल्जियमच्या व्हरहुल्स्टने अडथळा थेट वाढीच्या नियमातच घातला. भर असलेल्याच्या प्रमाणात पडते, पण जागा भरत जाईल तसे ते प्रमाण घटत जाते. त्याची वाढ आरंभी भूमितीय श्रेढीसारखी, मध्यावर काही काळ अंकगणिती श्रेढीसारखी आणि शेवटी जवळजवळ थांबलेली दिसते. नियम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच! काचपात्रातल्या जिवाणूंचा आलेखही साधारण असाच येतो. ज्याने फक्त मधला तुकडा पाहिला तो शपथेवर सांगेल की ही अंकगणिती श्रेढी आहे.

आता आपल्या देशाचे आकडे घेऊ. जनगणनेनुसार भारताची लोकसंख्या, कोटींत: १९५१ साली ३६.११, १९६१ साली ४३.९२, १९७१ साली ५४.८२, १९८१ साली ६८.३३, १९९१ साली ८४.६४, २००१ साली १०२.८७ आणि २०११ साली १२१.०९. (१९८१ साली आसामात आणि १९९१ साली जम्मू-काश्मिरात गणना होऊ शकली नव्हती, तेथले आकडे अंदाजाने धरलेले आहेत.) फळ्यावर ही पदे लिहून मुलांना श्रेढी ओळखायला सांगावी. लगतच्या पदांची गुणोत्तरे अनुक्रमे १.२१६, १.२४८, १.२४६, १.२३९, १.२१५ आणि १.१७७. १९६१ ते १९९१ या पट्ट्यात गुणोत्तर १.२४ च्या आसपास जवळजवळ स्थिर आहे. बघा, माल्थस बरोबर! आता फरक काढा: ७.८१, १०.९०, १३.५१, १६.३१, १८.२३, १८.२२. शेवटच्या दोन दशकांत भर इतकी सारखी पडली आहे की १९९१, २००१ आणि २०११ ही तीन पदे पाठ्यपुस्तकात अंकगणिती श्रेढीचे उदाहरण म्हणून छापता येतील. एखादा चिकित्सक विद्यार्थी फरकांचे फरकही काढील. पहिल्या चार फरकांत ती भर ३.०९, २.६१, २.८० अशी बरीचशी एकसारखी आहे, तेव्हा १९५१ ते १९९१ या काळाला तो ना अंकगणिती म्हणेल, ना भूमितीय. वर्गाच्या पदावलीने तो काळ चांगला बसतो असे म्हणेल. त्यालाही चूक म्हणता येणार नाही.

एकाच देशाची माणसे एका काळात भूमितीय आणि दुसऱ्या काळात अंकगणिती कशी झाली? माणसांपासूनच माणसे होतात हे काही बदललेले नाही. बदलले ते प्रमाण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातील एकूण जननदर स्त्रीमागे २.० मुले असा आला, महाराष्ट्रात तो १.७ होता. गुणोत्तर घटत असताना मूळ संख्या मोठी होत होती. या दोन्हींचा मेळ बसून काही काळ भर स्थिर दिसली. तीन पदांच्या जोरावर 'भारताची लोकसंख्या आता अंकगणिती श्रेढीत आहे' असे कोणी लिहिले तर तो माल्थसचीच चूक उलट्या बाजूने करील.

अन्नाचाही हिशेब पाहू. १९५०-५१ साली देशात सुमारे ५.१ कोटी टन अन्नधान्य पिकले, २०१०-११ साली सुमारे २४.४ कोटी टन. म्हणजे साठ वर्षांत ४.८ पट. त्याच काळात माणसे ३.३५ पट झाली. माल्थसच्या रांगांत साठ वर्षे म्हणजे २.४ पायऱ्या. त्याच्या हिशेबाने अन्न ३.४ पट व्हायला हवे होते आणि अडथळा नसता तर माणसे सुमारे ५.३ पट. म्हणजे प्रत्यक्षात माणसे जवळजवळ त्याच्या अन्नाच्या रांगेत चालली आणि अन्न त्याच्या माणसांच्या रांगेच्या जवळपास पोहोचले! याला योगायोगच म्हणावे. यावरून उलटा नियम सिद्ध होतो असे कोणी समजू नये. सिंचन, साठच्या दशकातले बुटके गहू, रासायनिक खते यांनी ही वाढ घडवली आणि यांतले प्रत्येक साधन आपापल्या मर्यादेशी कोठे ना कोठे अडते. विहिरींची पातळी खाली गेलेल्या गावातल्या शिक्षकांना हे मी सांगायला नको. अन्नाच्या वाढीची चर्चा करायची तर ती अशा कारणांची करावी लागते. '१, २, ३, ४' या रांगेत त्यांपैकी एकालाही जागा नाही.

माल्थसच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. माणसे प्रत्यक्षात २५६ पट होतील असे तो म्हणत नव्हता. अन्नाअभावी, रोगराईने, उशिरा लग्न केल्याने ती वाढ दर वेळी रोखली जाते, हेच त्याला दाखवायचे होते, आणि १८०३ च्या पुष्कळ वाढवलेल्या दुसऱ्या आवृत्तीत या अडथळ्यांवरच त्याचा भर आहे. म्हणजे पहिली रांग ही प्रवृत्ती आहे, भाकीत नव्हे, एवढे त्याला ठाऊक होते. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या वाक्यातून मात्र 'अडथळा नसेल तर' हे शब्दच गळून पडले आहेत. 'लोकसंख्या भूमितीय श्रेणीने वाढते' हे वाक्य माल्थसच्या नावावर खपवणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. ते शब्द परत घातले, आणि अन्नाच्या वाक्यापुढे 'असे माल्थसने गृहीत धरले' एवढे चार शब्द जोडले, तर पुस्तकाचे एक पानसुद्धा वाढणार नाही.

गणिताच्या आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकांनी मिळून एखादा तास घ्यावा अशी माझी सूचना आहे. २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झाली नाही, त्यामुळे वरच्या यादीतली पुढची जागा रिकामी आहे. ती भरायला सांगावी. शेवटचा फरक कायम धरला तर १३९.३१ कोटी येतात. शेवटचे गुणोत्तर कायम धरले तर १४२.५४ कोटी. गुणोत्तर ज्या गतीने घटते आहे ती गती चालू राहिली असे धरले तर तिसरा आकडा येतो; तो विद्यार्थ्यांनीच काढावा. प्रत्येकाने आपला आकडा लिहावा आणि त्याखाली तो आकडा कोणत्या कारणाने निवडला तेही लिहावे. गुण त्या दुसऱ्या ओळीला द्यावेत.